बाराशे पन्नास नावाची सवत

माझ्या नवऱ्याचं पहिलं प्रेम म्हणजे बाराशे पन्नास हे साल. दुसरं प्रेमही तेच. माझा नंबर कितवा, ते लग्नानंतर काही वर्षं मी विचारत असे, मग विचारणं सोडून दिलं.

कुणाचा नवरा पत्त्यांत अडकतो, कुणाचा बाटलीत, कुणाचा शेजारणीत. त्या बायकांचं मला वाईट वाटतं, पण थोडा हेवाही वाटतो. त्यांच्यासमोर भांडायला काहीतरी असतं. पत्ते चुलीत घालता येतात, बाटली मोरीत ओतता येते, शेजारणीच्या झिंज्या धरता येतात. सालाचं काय धरणार? बरं, साल आपल्या जन्मातलं तरी असावं! ही बया पावणेआठशे वर्षांपूर्वी होऊन गेलेली, आणि तरी रोज संध्याकाळी माझ्या घरात जेवायला हजर.

हे वस्तुसंग्रहालयात नोकरीला. पुलापलीकडची ती राखाडी इमारत, तिच्या तळघरात यांची खोली. खोलीला एकच खिडकी, तीही फूटपाथच्या उंचीला, त्यामुळे दिवसभर लोकांचे बूट बघायचे. काम असं, की जगाच्या कुठल्याही कोपऱ्यातून जुनं नाणं, घंटा, दिवा, थडग्यावरचा दगड आला की त्यावर त्या त्या लोकांच्या हिशोबाचं साल कोरलेलं असतं. ते आपल्या हिशोबात कुठलं, हे काढायचं आणि वस्तूखालच्या पुठ्ठ्यावर सुबक अक्षरात लिहायचं. दारावरच्या पहारेकऱ्यापासून आमच्या भाजीवाल्यापर्यंत सगळे यांना ‘सनवाले’ म्हणतात. मी पडदे शिवते. आमच्या गल्लीतल्या निम्म्या खिडक्या मी झाकल्या आहेत. तरी माझी ओळख ‘सनवाल्यांची बायको’ एवढीच.

दिसायला हे उंच, किडकिडीत, शर्टाचं वरचं बटण बारा महिने लावलेलं. बोलणं मोजकं. भाजीत मीठ नाही एवढं सांगायचंसुद्धा यांच्या जिवावर येतं. निमूटपणे अळणी जेवून उठतील. पण कुणी चुकून साल-बिल विचारलं, की मग नळ सुटलाच म्हणून समजा. पाहुण्यांचा चहा गार होतो, गाडी चुकते, आणि हे अजून फ्लॉरेन्सलाच असतात.

हे वेड लागलं तो दिवस मला चांगला आठवतो. लग्नाला दोन-तीन वर्षं झाली असतील. हे घरी आले ते अक्षरशः उड्या मारत. मला वाटलं, पगार वाढला. तर म्हणे एकाच आठवड्यात दोन वस्तू आल्या, कुठल्या कुठल्या टोकाच्या. नाण्यावर सहाशे अठ्ठेचाळीस लिहिलेलं आणि दगडावर बाराशे अठ्ठ्याऐंशी.

“आणि अगं, दोन्ही एकच साल! बाराशे पन्नास!” असं म्हणत यांनी माझे दोन्ही खांदे धरून मला गदागदा हलवलं. लग्न झाल्यापासून यांनी आपणहून मला इतक्या जोरात धरलं ते पहिल्यांदाच, आणि तेही दुसरीच्या आनंदात.

त्यानंतर यांनी ते साल गोळा करायला घेतलं. लोक तिकिटं गोळा करतात तसं. ऐकून ऐकून मलाही ते पाठ झालंय, सवतीचं माहेर-सासर पाठ असावं तसं. आपण ज्याला बाराशे पन्नास म्हणतो, ते मुसलमानी मोजणीत आधी सहाशे सत्तेचाळीस होतं आणि एप्रिलच्या सुरुवातीला सहाशे अठ्ठेचाळीस झालं. त्यांचं वर्ष चंद्रावर चालतं, आपल्याहून अकराएक दिवसांनी आखूड, म्हणून त्यांचा वर्षारंभ दर साली अलीकडे सरकतो. ज्यूंचं पाच हजार दहा, शरद ऋतूत पाच हजार अकरा. कॉन्स्टँटिनोपलचे लोक जग निर्माण झालं तिथपासून मोजायचे. त्यांचं सहा हजार सातशे अठ्ठावन्न, आणि सप्टेंबर लागला की एकोणसाठ. स्पेनवाले आपल्या अडतीस वर्षं पुढे. इजिप्तमधले ख्रिस्ती आपल्या हुतात्म्यांपासून मोजत, ते अजून हजारापर्यंतही पोचले नव्हते. शकाच्या मोजणीत अकराशे एकाहत्तर संपून बहात्तर लागलं. जपानात नव्या कारकिर्दीचं नाव पडून दुसरंच वर्ष, म्हणजे तिकडे माझी सवत अजून रांगत होती. आणि चीनमध्ये ते कुत्र्याचं साल. हे कळलं त्या दिवशी मला फार बरं वाटलं.

यांचा आयुष्यातला एकमेव विनोदही त्याच सालातला. इटलीत पिसा आणि फ्लॉरेन्स ही दोन गावं, मध्ये दोन-तीन दिवसांची पायवाट. दोघांचंही नवं वर्ष पंचवीस मार्चला लागायचं, पण पिसावाले आकडा एक वर्ष आधीच धरून बसलेले. म्हणजे पिसाहून निघालेला माणूस फ्लॉरेन्सला पोचायचा तो मागच्या सालात. “जाताना उधार घेतलं तर पोचल्यावर अजून घेतलेलंच नाही!” असं म्हणून हे एकटेच हसतात. पंधरा वेळा ऐकून झाल्यावर मीही हसणं बंद केलं.

एकदा मी वैतागून विचारलं, “अहो, मग या सगळ्यांतलं खरं साल कुठलं?”

“सगळीच खरी,” हे म्हणाले.

खोटं कशाला बोलू, ते मला पटलं. आमच्या मजल्यावरच बघा ना. डावीकडची शेजारीण सगळं लग्नापासून मोजते, उजवीकडची मुलगा परदेशी गेला तिथपासून, आणि समोरच्या आजोबांचं घड्याळ बायको गेली त्या दिवशी सुरू झालंय. जिना एकच, पण तीन घरांत तीन सालं चालू. माझंही एक आहे. मी ‘ती’ आमच्या घरात आली तिथपासून मोजते.

यांचा एकच मंत्र होता, आणि तळघरात शिकायला येणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यात हे तो खिळ्यासारखा ठोकायचे. “नुसती बेरीज-वजाबाकी करू नका. नवं वर्ष लागायच्या अलीकडे की पलीकडे, ते आधी बघा.” कारण एकाचं एक साल दुसऱ्याच्या दोन सालांवर पसरलेलं असतं. पडदेवाल्या बाईला हे लगेच कळतं. कापडाचे पट्टे एकाखाली एक टांगले, पण जोड काही सगळ्यांचे एका रेषेत येत नाहीत.

मग संग्रहालयाने नवं दालन काढायचं ठरवलं. एका अख्ख्या भिंतीवर एकच साल, जगभरच्या मोजणीतलं. साल कुठलं असणार, ते सांगायला नकोच. हे दालन उघडलं की महिन्याच्या शेवटी यांना साठ पूर्ण, आणि नोकरी संपली. माझी ताई शेजारच्या छोट्या गावात राहते. तिच्या घराखालचा गाळा रिकामा होत होता. रस्त्यावर मोठी काच, आत दोन यंत्रं सहज मावतील. आमच्या पुढच्या खोलीत कापड पसरलं की सासूबाईंना मोरीत जायला वाट उरत नाही. इतकी वर्षं मी अशी शिवलेय. ताई म्हणाली, “महिनाअखेर येत असाल तर गाळा तुझा. नाहीतर माझा पुतण्या मागतोय सायकलदुरुस्तीला, त्याला नाही म्हणायला मला कारण हवं.” हेही म्हणाले होते, जाऊ. कापडाची मापं मी लिहीन म्हणाले होते. यांच्या तोंडून ‘जाऊ’ एवढा एक शब्द निघायला माझं अर्धं आयुष्य गेलं. त्या एका शब्दावर मी उरलेलं काढणार होते.

आणि नेमकी तेव्हाच रुमालवाली आली.

संग्रहालयाने दालनासाठी बाहेरून कुणी विदुषी बोलावली होती. वयाने चाळिशीच्या आसपास, गळ्यात कायम रेशमी रुमाल, रोज नवा रंग. पहिल्या दिवशी हे घरी येऊन म्हणाले, “त्यांना कॉप्टिक येतं, इजिप्तच्या ख्रिस्ती लोकांचं.” दुसऱ्या दिवशी म्हणाले, “हिब्रूही येतं.” तिसऱ्या दिवशी काहीच बोलले नाहीत, आणि मग मला खरी काळजी वाटायला लागली. नंतर तर जेवताना नुसतं ‘त्या म्हणाल्या, त्या म्हणाल्या.’ त्या म्हणाल्या भिंत निळी नको. त्या म्हणाल्या अक्षर मोठं हवं. शर्टाला स्वतः इस्त्री करायला लागले. एके दिवशी वरचं बटण उघडं! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. एका सालाशी मी कसंबसं जमवून घेतलं होतं, तर त्या सालाने आता स्वतःचा जिवंत प्रतिनिधी धाडला.

त्यातच उद्घाटनाला भिंतीवर टाकायचा पडदा शिवायचं काम माझ्याकडे आलं. माप घ्यायला मी गेले. दालनात शिरले तर ही दोघं भिंतीसमोर उभी, माझ्याकडे पाठ करून. भिंत सुरेख होती, ते कबूल करते. आडवे बारा पट्टे, बारा रंगांचे. मधे बाराशे पन्नासच्या सुरुवातीची आणि शेवटाची अशा दोन उभ्या पितळी पट्ट्या. आणि प्रत्येक रंग आपापल्या जागी तुटलेला, कुणी मार्चमध्ये, कुणी एप्रिलात, कुणी सप्टेंबरात. ती एका जोडावर बोट ठेवून म्हणाली, “हा आणखी थोडा डावीकडे घ्या.” यांनी बघितलं, मान हलवली, आणि काही न बोलता तो खोडला. माझ्याशी वाद घालताना हा माणूस दाराची कडी कुठे बसवायची यावर आठवडाभर अडून बसला होता. आणि हिच्यासमोर गोगलगाय!

“वहिनी ना तुम्ही?” ती वळून म्हणाली. “सर तुमच्याबद्दल बोलतात.”

“काय बोलतात?”

तिने जरा विचार केला. “तुम्ही पडदे शिवता म्हणाले.”

मी फीत काढली आणि भिंतीचं माप घेतलं. फितीचं दुसरं टोक धरायला हे धावले नाहीत. तिने धरलं.

पुढच्या रविवारी यांनी तिला घरी जेवायला आणलं. सांगितलं कधी, तर सकाळी. मी कापड गुंडाळून पलंगाखाली ढकललं, चांगल्या बशा काढल्या, आणि एकीचा टवका उडालेला म्हणून ती स्वतःला घेतली. सासूबाईंची माझ्याशी वागणूक म्हणाल तर लग्नापासून त्यांनी माझ्या हातच्या एकाही पदार्थाला बरं म्हटलेलं नाही, वाईट म्हटलं नाही की समजायचं आवडला. त्या दिवशी मात्र पाहुणी बसली नाही तोच म्हातारीची कळी खुलली. पाहुणीने विचारलं, “आजी, तुमच्या गावाकडे साल वेगळं मोजत असत ना?” झालं! सासूबाईंनी पान बाजूला सारलं आणि गाव, गुरं, शेत, मोजणी, सगळं काढलं. मी तीस-बत्तीस वर्षं त्यांच्या पायाला तेल चोळतेय, मला यातलं अक्षर सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं म्हणा, पण तो मुद्दा वेगळा.

“आणि साल बदलायचं कधी?” पाहुणीने विचारलं.

“पानं गळायला लागली की.”

“आणि सर कधी झाले?”

“हा?” सासूबाईंनी यांच्याकडे बघून तोंड वाकडं केलं, “हा झाडांना नवी पालवी फुटली तेव्हाचा. थंडी अजून सरली नव्हती. याला दोन गोधड्यांत गुंडाळला होता.” आणि त्यांनी गावाकडच्या सालाचा आकडा सांगितला.

पाहुणीचा चमचा हवेतच थांबला. टेबलाच्या कडेवर तिने बोटांनी काहीतरी मोजलं, पुन्हा मोजलं.

“सर, मग आठ मिळवायला हवेत. तुम्ही सात मिळवलेत.”

मला आधी काही उमजेना. मग तिने समजावून सांगितलं, अगदी गोड आवाजात, लहान मुलाला सांगावं तसं. गावाकडच्या सालात सात मिळवले की आपलं साल येतं, पण फक्त पानगळीपासून डिसेंबर सरेपर्यंत. जानेवारी लागला की आपला आकडा पुढे जातो, त्यांचा तोच राहतो, मग आठ मिळवायचे. यांच्या गावच्या शाळेतही जुनीच मोजणी. संग्रहालयात नोकरी लागली तेव्हा जन्मसाल यांनी स्वतःच काढून सांगितलं होतं. ते यांच्या आयुष्यातलं पहिलं रूपांतर. नुसती बेरीज केली, अलीकडे की पलीकडे ते बघितलं नाही.

“म्हणजे तुम्ही एक वर्षाने लहान आहात!” ती टाळी वाजवून म्हणाली. “साठ नाहीच होत यंदा. आणखी एक वर्ष आहे तुमच्याकडे!”

सासूबाई खो खो हसल्या. यांचे कान लाल झाले, मान खाली गेली. लाजले! साठीचा, नाही, एकोणसाठीचा घोडा लाजला. मी वाढायला वाकले होते ती तशीच राहिले. यांच्याहून मी पाच महिन्यांनी लहान, असं सगळ्यांना ठाऊक. पाहुणीने माझा जन्म विचारला, क्षणात हिशोब केला आणि म्हणाली, “अय्या, मग वहिनीच सात महिन्यांनी मोठ्या!”

माझ्याच घरात, माझ्याच हातचं जेवून, हिने मला नवऱ्यापेक्षा म्हातारी केलं. मी आत जाऊन पातेलं इतकं घासलं की त्याची कल्हई... जाऊ दे. पातेलं चांगलं होतं.

पण खरी आग म्हातारपणाची नव्हती. आणखी एक वर्ष, म्हणाली ना ती! ते वर्ष तिने आणलं कुठून? माझ्या गाळ्यातून. काचेसमोर बसून मी शिवणार आणि हे मापं लिहिणार, ते वर्ष तिने बोटांवर मोजून उचललं आणि यांच्या ताटात वाढलं. दुसऱ्याच दिवशी संग्रहालयाच्या साहेबांच्या कानावर गेलं. साहेब म्हणे, “नोंद सुधारून हवी असेल तर उद्घाटनाच्या दिवशीपर्यंत सांगा. मला तर तुम्ही हवेच आहात. पुढचं दालन तुम्ही आणि बाई मिळून करा.”

तुम्ही आणि बाई. मिळून.

“मग काय ठरवलंत?” मी विचारलं.

“बघू,” हे म्हणाले.

“ताई थांबायची नाही. पुतण्या दारात उभा आहे.”

“बघू म्हटलं ना.”

“तिला विचारून बघणार असाल.”

हे इस्त्री तापवायला उठले. पडदा शिवताना त्या आठवड्यात मी तीन सुया मोडल्या. पडदा तेवढा उत्तम झाला. रागात माझा हात सरळ चालतो.

उद्घाटनाला मी मुद्दाम गेले. माझा पडदा होता, मला कोण अडवणार? गर्दी झाली होती, साहेब बोलले, दोरी ओढली, पडदा एका झटक्यात न अडकता सरकला. टाळ्या भिंतीला पडल्या. मग भिंत समजावून सांगायला साहेबांनी पुढे बोलावलं, ते रुमालवालीला. त्या दिवशी रुमाल नारिंगी. आणि काय बोलली म्हणता! पट्टा दाखवायची, एक वाक्य टाकायची, लोक हसायचे. पिसाचा आणि फ्लॉरेन्सचा विनोद तिनेही सांगितला. यांचाच विनोद, पण तिच्या तोंडून अख्खं दालन हसलं. एक म्हातारे गृहस्थ तर डोळे पुसत होते.

मी यांना शोधलं. म्हटलं, आता कसं टक लावून बघत असतील ते बघूच. हे खांबाला टेकून उभे होते, आणि बघत तर होतेच. पण ते बघणं वेगळंच होतं. जबडा आवळलेला. ओठ बारीक. नजर तिच्या तोंडावर आणि बोटं स्वतःच्या बाहीचं बटण पिळत होती. हा चेहरा मी ओळखत होते. आमच्या पुढच्या खोलीत, यंत्राशेजारच्या आरशात, हाच चेहरा मी रोज बघत आलेय.

हे तिच्यावर भाळले नव्हते. हे जळत होते.

लोक सरबताकडे वळले तसे हे बाहेर पडले. मी मागोमाग. मागच्या दाराच्या पायऱ्यांवर बसले होते, वरचं बटण तोडून काढावं तसं उघडलेलं. मी शेजारी बसले.

“छान बोलली,” मी म्हटलं. मुद्दामच म्हटलं.

“फार छान,” हे म्हणाले. आणि मग, “सगळं माझंच होतं गं. जोड न् जोड. पण मला तसं सांगता आलं नसतं कधी. आणि माझे दोन जोड चुकले होते, तेही तिने काढले. येऊन चार दिवस नाही झाले, तर माझं साल माझ्यापेक्षा तिला जास्त येतं. मला तिला बघवत नाही.”

“मग इस्त्री कशाला करत होतात?”

“तिच्यासमोर गबाळा दिसू नये म्हणून. निदान तेवढ्यात तरी.”

मला हसू येत होतं आणि रडूही. “आणि जेवताना कान का लाल झाले?”

हे पायऱ्यांकडे बघत म्हणाले, “ते सातचं आणि आठचं मला माहीत होतं. सहा-सात वर्षांपूर्वीच ध्यानात आलं होतं. बोललो नाही.”

क्षणभर माझ्या मनात काय आलं असेल! मला वाटलं, माझ्यासाठी. एक वर्ष लवकर सुटावं आणि गाळ्यावर यावं म्हणून माणूस गप्प बसला. मी विचारलंच, “माझ्यासाठी?”

“नाही,” हे म्हणाले. खोटं यांना जमत नाही, हीच एक अडचण आहे. “लाज वाटली. सगळ्यांना अलीकडे-पलीकडे शिकवतो आणि स्वतःचा जन्म चुकवला. लोक हसले असते. आणि तिने तेच काढलं, आईसमोर, तुझ्यासमोर.”

“आता ते वर्ष घेणार?”

“नाही घेतलं तर पुढचं दालन तिचं एकटीचं होईल.”

“आणि घेतलं तर?”

“तर रोज तिच्या शेजारी उभं राहून बघावं लागेल.” यांनी दोन्ही हातांनी तोंड चोळलं. म्हणाले, “हे जातं का गं कधी? असं आतून जळणं? किती दिवस लागतात जायला?”

मला विचारत होते! अख्ख्या जगात मलाच. मी नेमकं काय उत्तर द्यावं? मनात आलं, सांगावं जातं म्हणून, बरं वाटेल त्यांना. पण मलाही त्या दिवशी खोटं बोलवेना.

“कुणास ठाऊक,” मी म्हटलं. “माझं अजून गेलेलं नाही.”

यांनी माझ्याकडे बघितलं. आधी नुसतंच. मग नाण्यावरचं झिजलेलं अक्षर उन्हात तिरकं धरून बघतात तसं. कुणावर, कधीपासून, असलं काही विचारलं नाही. हळूहळू यांचा चेहरा उतरत गेला, आणि मला कळलं की हे आता मोजताहेत, आणि या वेळी हिशोब चुकत नाहीये. मी नजर वळवली. इतकी वर्षं यांना कळावं म्हणून जीव टाकला, आणि कळलं तेव्हा माझ्याने बघवेना.

“इतकी वर्षं?” हे म्हणाले.

“हो.”

“बोलली नाहीस.”

“मीठ कमी असलं तर तुम्ही तरी कुठे बोलता?”

हे उठले. कठड्याला धरून, म्हाताऱ्यासारखे. एक वर्षाने लहान झालेला माणूस वाटत नव्हता. आत गेले. दाराच्या काचेतून मला साहेबांचा हात यांच्या खांद्यावर दिसला, मग गर्दी मधे आली. मी पायरीवर बसून राहिले. ताईला काय सांगायचं, पुतण्याला शुभेच्छा द्यायच्या का, असं काहीबाही डोक्यात येत होतं. आत कुणीतरी मोठ्याने हसलं. तीच असणार.

हे बाहेर आले तेव्हा हातात कोट होता. तळघराची किल्ली नेहमी कमरेच्या पट्ट्याला अडकवलेली असे, ती जागा रिकामी होती.

“किल्ली देऊन आलो,” हे म्हणाले. “नोंद आहे तशीच राहू दे म्हटलं. साठच.”

“आणि तिला?”

“तिला सांगितलं, तिसऱ्या पट्ट्याचा रंग दोन वर्षांत उतरेल, तेव्हा पुन्हा द्या.”

आम्ही पुलाच्या दिशेने चालायला लागलो. हे माझ्या बाजूने चालत होते, एरवी चार पावलं पुढे असतात. निघण्याआधी भिंतीकडे वळून बघितलंत का, असं विचारायचं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. मी नाही विचारलं. बघितलं असेलच.